वऱ्हाडची वकिली : लोकनायक बापूजी अणे यांच्या चरित्राची प्रस्तावना

१९०५ पर्यंत वाशीम, मंगरूळ आणि पुसद या तीन तालुक्यांचा मिळून एक जिल्हा होता आणि त्याचे ठाणे वाशीमला होते. त्या वर्षी सरकारने वऱ्हाडातले सहा जिल्हे मोडून चार केले. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले गेले, पुसद यवतमाळला गेले. आपले आसेगाव मंगरूळ तालुक्यातले. आज आपण पुसदला यवतमाळ जिल्ह्यातले म्हणून थोडे परके धरतो, पण आपल्या पणजोबांच्या काळी पुसद आणि आसेगाव एकाच साहेबाच्या अखत्यारीत होते. हे आधी सांगण्याचे कारण असे की, यवतमाळच्या एका वकिलाचे चरित्र आसेगावच्या वाचकाने का हातात घ्यावे, हा प्रश्न कोणी विचारील. या वकिलाने आयुष्यातले सर्वांत धाडसाचे काम केले ते पुसदच्या रानात. त्या रानाला जो जंगल कायदा होता तोच मंगरूळच्या रानाला होता. दोन्हीकडे शेतसाऱ्याची पद्धत एक होती आणि बैलाच्या वैरणीची अडचणही एकच होती.

माधव श्रीहरी अणे यांना वऱ्हाड 'लोकनायक बापूजी अणे' म्हणून ओळखतो. काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद, बिहारचे राज्यपाल, संस्कृतचे कवी अशा त्यांच्या अनेक ओळखी आहेत. परंतु माझ्या मते त्यांचा खरा उलगडा होतो तो वकील आणि कायदेमंडळाचा सभासद या दोनच कामांतून. ज्या ज्या सभागृहात ते गेले तिथे ते वकिलासारखे उभे राहिले. आपले अशील कोण, आपला दावा काय आणि त्याला आधार कोणता, हे ठरल्याशिवाय ते बोलत नसत. युक्तिवादात टिकणार नाही अशा भूमिकेमागे केवळ पक्षाची शिस्त म्हणून ते उभे राहिले नाहीत. त्यांनी पक्ष बदलले, पक्ष काढले, सोडले, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. अशील मात्र त्यांनी बदलले नाही. ते अशील म्हणजे वऱ्हाड.

हे अशील विलक्षण होते. वऱ्हाड ब्रिटिशांच्या ताब्यात होते, पण ब्रिटिशांच्या मालकीचे नव्हते. निझामाच्या मदतीला ठेवलेल्या फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांकडे तारणासारखा आला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निझामाकडून तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि वर्षाला २५ लाख रुपये देण्याचे ठरवले. पुढच्या वर्षी मध्य प्रांताशी त्याची मोट बांधली गेली. कागदोपत्री सार्वभौम सत्ता मात्र निझामाचीच राहिली. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानात मंजूर झालेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे. तो वेगळ्या हुकमाने इथे लागू करावा लागे. इथला शेतकरी सारा भरी इंग्रजांना, खटला चाले इंग्रजांच्या कोर्टात, आणि तरीही कायद्याच्या भाषेत तो ब्रिटिश मुलखाचा रहिवासी नव्हता. अशा ठिकाणी जो वकिली करतो त्याला कायदा म्हणजे अढळ वस्तू आहे असे कधीच वाटत नाही. कायदा कोणी केला, कोणाच्या अधिकाराने केला, इथे तो कसा पोचला, हे प्रश्न त्याला रोजच्या कामात भेटतात. अण्यांच्या विचारातली धार तिथून आली असे मला वाटते.

त्यांच्या आधीची वऱ्हाडी वकिलांची पिढी मोठी होती आणि ती बहुतेक अमरावतीची. दादासाहेब खापर्डे टिळकांचे उजवे हात. टिळकांना मंडालेची शिक्षा झाल्यावर अपिलाच्या खटपटीसाठी ते १९०८ मध्ये लंडनला गेले. रघुनाथ नरसिंह मुधोळकर १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. सर मोरोपंत जोशी मध्य प्रांताच्या सरकारात गृहखाते सांभाळून पुढे संमतिवयाच्या समितीचे अध्यक्ष झाले. तो काळच असा होता की जगात बऱ्याच ठिकाणी कायदेमंडळाची वाट कोर्टातून जात असे. अमेरिकेत तर राज्याराज्यांच्या विधिमंडळांत वकील पुष्कळ असत. गावात दावे चालवून नाव कमवायचे, मग विधिमंडळात जायचे, तिथून वॉशिंग्टनला. फरक इतकाच, आणि तो फार मोठा, की अमेरिकन वकील निवडून आला की त्याच्या हाती कायदा करण्याची सत्ता येई. वऱ्हाडचा वकील निवडून आला तरी त्याच्या हाती येई ती फक्त बोलण्याची मुभा.

निवडून येणे तरी कसले होते? १९१९ च्या सुधारणांनी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडसाठी एक जागा ठेवली. वऱ्हाड हा ब्रिटिश मुलूख नसल्याने तिथून रीतसर 'निवडून आलेला' सभासद असूच शकत नाही, असे कायदेपंडितांचे म्हणणे पडले. मग तोड अशी निघाली की वऱ्हाडात मतदान घ्यायचे आणि जो जिंकेल त्याला सरकारने नेमायचे. लोकांनी मते दिलेला माणूस दप्तरात सरकारनियुक्त म्हणून नोंदला जाई. आणि मत तरी कोणाला? साऱ्याच्या आणि कराच्या अटींमुळे मोजके खातेदार, सावकार, व्यापारी आणि शिकलेले लोक एवढेच मतदार. शेतमजूर, गुराखी, तांड्यावरचे लोक त्या यादीत नव्हते आणि बायका जवळजवळ नव्हत्याच. अण्यांची वकिली ज्यांच्यासाठी चालली होती त्यांतल्या बहुतेकांनी त्यांना कधी मत दिलेले नव्हते. या पुस्तकात हा मुद्दा थोडक्यात उरकला आहे. वाचकाने तो मनात धरूनच पुढची पाने उलटावीत.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, वणीचा. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण झाले. १९०४ ते १९०७ ही तीन वर्षे त्यांनी अमरावतीला शाळेत शिकवले. कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी घेऊन १९०८ पासून ते यवतमाळला वकिली करू लागले. टिळकांवर त्यांची भक्ती होती. होमरूलच्या चळवळीत ते पडले आणि यवतमाळहून त्यांनी 'लोकमत' हे साप्ताहिक काढले. १९२० मध्ये टिळक गेले आणि गांधींचा असहकार आला, तेव्हा कायदेमंडळावरचा बहिष्कार त्यांना पटला नाही. त्यांचे म्हणणे टिळकपंथी होते: जे मिळते ते घ्यावे, त्याच्या बळावर उरलेल्यासाठी भांडावे. स्वराज्य पक्षातर्फे १९२४ च्या सुरुवातीला ते दिल्लीच्या कायदेमंडळात जाऊन बसले.

पुढे जे घडले त्याचे एक टोक आपल्या भागात येते. ऑक्टोबर १९२५ मध्ये मध्य प्रांताच्या कौन्सिलचे अध्यक्ष आणि स्वराज्य पक्षाचे पुढारी श्रीपाद बळवंत तांबे यांनी सरकारी कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली. तांबेही अमरावतीचे वकील. मोतीलाल नेहरूंनी कडक शब्दांत निषेध केला. जयकर, केळकर, मुंजे आणि अणे यांना तो मान्य झाला नाही. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यात ही मंडळी जमली आणि प्रतियोगी सहकारितेच्या पक्षाची घोषणा झाली. आपण तेव्हा अकोला जिल्ह्यात होतो, तेव्हा हा पक्ष आपल्याच जिल्ह्याच्या गावी जन्मला असे म्हणायला हरकत नाही. तो फार दिवस टिकला नाही. पण अडवणूक हेच एकमेव शस्त्र नव्हे, अधिकाराची जागा मिळाली तर ती लोकांसाठी वापरता येते, हे त्याचे सूत्र अण्यांनी आयुष्यभर धरले. १९४१ मध्ये त्याच सूत्राने त्यांना मोठ्या पेचात नेले. ते पुढे येईलच.

१९२८ ची नेहरू समिती ही त्यांच्या घटनात्मक कामातली मानाची जागा. हिंदुस्थानची घटना कशी असावी याचा आराखडा मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली तयार झाला, त्यावर सर तेजबहादूर सप्रू, सुभाषचंद्र बोस यांच्याबरोबर अण्यांची सही आहे. त्याच कागदावर सर अली इमाम यांचीही सही आहे. थोड्याच वर्षांपूर्वी हेच अली इमाम निझामाच्या वतीने वऱ्हाड परत मागत होते. वऱ्हाड मागणाऱ्याचा वकील आणि वऱ्हाडचा सभासद एकाच आराखड्याखाली सही करतात, हे त्या काळाचे चित्र मला फार बोलके वाटते. निझामाचा दावा पुढे चिघळत राहिला आणि १९३६ च्या करारात त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी देऊन मिटवला गेला.

आता पुसद. १९३० च्या मार्चमध्ये गांधी दांडीला निघाले. मीठ हे प्रतीक अचूक होते, पण वऱ्हाडला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात खारपाण पट्ट्यातल्या दहीहांड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्यातून मीठ काढून कायदा मोडला गेला. मात्र पूर्णेचे खोरे सोडून वर डोंगराकडे आले की विहिरी गोड होतात. पुसद, मंगरूळ, दिग्रस, वाशीम या भागातल्या शेतकऱ्याच्या गळ्याला फास होता तो जंगल कायद्याचा. वऱ्हाडातल्या सरकारी जंगलाचे वर्ग पाडलेले होते: इमारती लाकडाचे जंगल वेगळे, गवताचे रमणे आणि बाभूळबने वेगळी, चराईची जमीन वेगळी. रमण्यातले गवत कापायला परवाना लागे, चराईला जनावरामागे फी लागे, आणि गुरे आत शिरली की कोंडवाडा ठरलेला. ज्या शेतकऱ्याची सारी शेती बैलावर उभी, त्याला डोळ्यांसमोरचे गवत पैसे मोजून घ्यावे लागे. आजही गावोगाव ई-क्लासच्या सरकारी जमिनीवरील चराईवरून जे तंटे होतात ते पाहिले म्हणजे नव्वद-शंभर वर्षांपूर्वीचा हा राग समजायला वेळ लागत नाही.

अण्यांनी वकिलाची नजर नेमकी इथे लावली. कोणता कायदा मोडावा? जो अन्यायाचा आहे, जो लोकांना रोज छळतो, आणि जो मोडताना कोणाला इजा होत नाही. गवत कापणे या तिन्ही कसोट्यांना उतरत होते. १० जुलै १९३० रोजी स्वयंसेवकांसह ते पुसदच्या राखीव जंगलात गेले, हाती विळा घेतला आणि गवत कापले. जागेवरच अटक झाली, मग खटला आणि तुरुंगवास. पन्नाशीला आलेला, केंद्रीय कायदेमंडळात वऱ्हाडची बाजू मांडणारा, संस्कृत ग्रंथांत रमणारा वकील आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. ज्या कोर्टापुढे तो आयुष्यभर 'माझ्या अशिलाचे म्हणणे असे' म्हणत आला, तिथे आता अशील आणि वकील एकच होते.

त्यानंतर ही चळवळ रानोमाळ पसरली. त्याच महिन्यात डॉ. हेडगेवार यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात सत्याग्रह करून तुरुंगात गेले आणि त्यांना अकोल्याच्या जेलमध्ये ठेवले गेले. मध्य प्रांतात कित्येक ठिकाणी आदिवासी आणि शेतकरी हजारोंनी जंगलात उतरले आणि काही ठिकाणी गोळीबारही झाले. पुस्तकातले हे प्रकरण मला सर्वांत जवळचे वाटते. वकिली पेशाच्या पुढाऱ्यांवर नेहमी असा आक्षेप घेतला जातो की त्यांना मातीचा वास नव्हता. पुसदला तो आक्षेप निदान एका वकिलापुरता खोटा ठरला.

१९३३ मध्ये काँग्रेसचे सगळे मोठे पुढारी तुरुंगात असताना अणे हंगामी अध्यक्ष होते. मे महिन्यात गांधींनी एकवीस दिवसांचा उपास सुरू केला तेव्हा सहा आठवड्यांसाठी सविनय कायदेभंग थांबवल्याचे अण्यांनीच जाहीर केले. जुलैमध्ये पुण्यातल्या परिषदेनंतर सामुदायिक चळवळ आवरून वैयक्तिक सत्याग्रहाचा आदेश निघाला, तोही त्यांच्याच सहीने. थकलेली चळवळ मोकळी करणे हे टाळ्या मिळवून देणारे काम नव्हते. तरुणांचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

वर्षभरात ते काँग्रेसशी भांडून बाहेर पडले. ब्रिटिश पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या जातीय निवाड्याबद्दल काँग्रेस कार्यकारिणीने 'स्वीकारही नाही, नकारही नाही' अशी भूमिका घेतली. अण्यांना ती वकिली नव्हे, पळवाट वाटली. मदनमोहन मालवीय आणि अणे यांनी राजीनामे दिले आणि १९३४ मध्ये काँग्रेस नॅशनलिस्ट पक्ष काढला. १९३५ पासून १९४१ पर्यंत अणे मध्यवर्ती कायदेमंडळात त्याचे नेते होते. त्या निवाड्यातले विभक्त मतदारसंघ देशाला दुभंगतील हा त्यांचा युक्तिवाद पुढच्या इतिहासाने खरा ठरवला. मात्र या भूमिकेत घटनेच्या तत्त्वाइतकाच हिंदू महासभेशी असलेला त्यांचा जिव्हाळाही होता. अल्पसंख्याकांची भीती खरी असू शकते, हे त्यांच्या मांडणीत कमी दिसते. माझ्या लेखी ही त्यांची मर्यादा आहे आणि चरित्रकाराने ती झाकू नये, असे मी हस्तलिखित वाचतानाच सांगितले होते. त्याने ती झाकलेली नाही.

सर्वांत अवघड प्रकरण १९४१ ते १९४३ चे. जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयने आपले कार्यकारी मंडळ वाढवले आणि अण्यांनी त्यात परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते स्वीकारले. वैयक्तिक सत्याग्रहात त्यांचे जुने सहकारी तुरुंगात जात असताना ते सरकारच्या टेबलापाशी जाऊन बसले. काम निरुपयोगी नव्हते. जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या तेव्हा लाखो हिंदी माणसे पायी आसामकडे निघाली आणि त्यांचा प्रश्न याच खात्यापुढे आला. पण ऑगस्ट १९४२ मध्ये देश पेटला. १६ ऑगस्टला चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला लोकांच्या उठावात सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर आलेल्या फौजफाट्याने गावावर आणि गावातल्या बायकांवर अनन्वित अत्याचार केले. सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी दिल्लीला अण्यांच्या बंगल्यावर गेले. तुम्ही विदर्भाचे, सरकारात बसलेले. चिमूरला चला, चौकशी लावा, एवढीच त्यांची मागणी होती. अण्यांकडून ते झाले नाही. भणसाळींनी त्यांच्या दारातच उपोषण सुरू केले. पोलिसांनी त्यांना उचलून वर्ध्याला आणले तरी उपोषण सुटले नाही. ते ६३ दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ ला संपले.

मी या प्रकरणाचा कच्चा मसुदा वाचला तेव्हा त्यात भणसाळींवर दोन ओळी होत्या. आता आठ पाने आहेत, आणि ती तशीच हवीत. ज्याने पुसदला गवतासाठी विळा उचलला, त्याच्या दारात विदर्भाचेच गाऱ्हाणे घेऊन एक माणूस उपाशी बसला होता आणि दार उघडूनही न्याय मिळाला नाही. जागा हाती असली की लोकांसाठी वापरता येते हे अकोल्यातले सूत्र इथे तोकडे पडले. जागा होती, सत्ता नव्हती. अण्यांनाही ते उमगले असावे असे मी मानतो, कारण लगेच पुढच्या महिन्यात, आगाखान पॅलेसमध्ये गांधींचा एकवीस दिवसांचा उपास सुरू असताना सरकार त्यांना सोडेना, तेव्हा १७ फेब्रुवारी १९४३ ला होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह अण्यांनी राजीनामा दिला. दारातल्या उपासाने जे झाले नाही ते दुसऱ्या उपासाने झाले. या दोन उपासांमधले तीन महिने त्यांच्या चरित्रात सर्वांत बारकाईने वाचावेत.

पुढचा प्रवास भरभर सांगता येतो. ऑगस्ट १९४३ पासून सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी, मग घटना समितीचे सभासद, जानेवारी १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल. टिळकांवर त्यांनी संस्कृतात 'तिलकयशोऽर्णव' हे महाकाव्य रचले. त्याला १९७३ मध्ये, त्यांच्या पश्चात, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हातारपणी विश्रांती घ्यावी तर ते पुन्हा जुन्या अशिलाकडे वळले. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती मानली गेली नाही. त्या मागणीवर अणे १९५९ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा १९६२ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीच्या घरात, नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. या वेळी मतदारयादीत शेतमजूर होता, गुराखी होता, तांड्यावरची बाईही होती, आणि निवडून आलेल्या माणसाला कोणाला 'नेमावे' लागले नाही. २६ जानेवारी १९६८ ला ते गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण दिले गेले. चरित्रकार वेगळ्या विदर्भाच्या बाजूचा आहे आणि शेवटच्या प्रकरणात तो ते लपवत नाही. माझे मत त्याच्याइतके पक्के नाही. पण अण्यांनी या मागणीसाठी दिलेली कारणे, म्हणजे महसूल, सिंचन, नोकऱ्या आणि मुंबईपासूनचे अंतर, ही आजही वाशीमच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर ऐकू येतात, हे मी नाकारत नाही.

या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी एक काम आसेगाव, मानोरा, मंगरूळपीर, पुसद या टापूतल्या वाचकांनी हाती घ्यावे. १९३० च्या पावसाळ्यात विळे घेऊन जंगलात गेलेल्यांपैकी पुढाऱ्यांची नावे छापली गेली. त्यांच्या मागे ओळीने उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांची बरीचशी राहिली. घरात जुन्या शिक्षेच्या निकालाची नक्कल असेल, दंडाची पावती असेल, जेलमधून आलेले पोस्टकार्ड असेल, किंवा आजी सांगायची ती नुसती हकिगत असेल, तर ती लिहून काढावी, कागदाचा फोटो घ्यावा आणि गावाच्या शाळेत एक प्रत ठेवावी. गावाचे नाव, साल आणि कोणते रान, एवढे जरी नीट नोंदले तरी पुसदचे प्रकरण आजच्यापेक्षा दुप्पट लांबीचे होईल.